“समजलं का?” “होऽऽ!” आणि चाचणीत कोरी उत्तरपत्रिका: नव्या शिक्षकांसाठी दोषशोध

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. “वर्गात सगळी मुलं हो म्हणतात, फळ्यावर विचारलं की उत्तरं धडाधड येतात, आणि घटक चाचणीत निम्म्या मुलांना साधी बेरीज जमत नाही.” पहिल्या वर्षी शिकवणाऱ्याला हे महिन्या-दोन महिन्यांनी कळतं. मग तो मुलांना आळशी ठरवतो, पालकांना बोलावतो किंवा तोच धडा त्याच शब्दांत पुन्हा, जरा मोठ्या आवाजात शिकवतो. पुढच्या चाचणीत तेच होतं.

बिघाड बहुतेक वेळा त्या “हो”वर विश्वास ठेवण्यात असतो. घाई, पुढच्या बाकावरच शिकवणं, स्वतःच उत्तर देऊन टाकणं या नव्या शिक्षकाच्या इतर चुका त्या “हो”च्या आडोशाने वाढतात. म्हणून दुरुस्ती तिथूनच सुरू करायची. उदाहरण सातवीच्या अपूर्णांकांचं घेतलं आहे, तुकडी ५० ते ६० मुलांची आणि तासिका ३५ मिनिटांची धरली आहे. (शिक्षण हक्क कायदा २००९ सहावी ते आठवीसाठी एका शिक्षकामागे ३५ मुलं म्हणतो, पण बऱ्याच तुकड्या त्याहून मोठ्या असतात.)

आधी खात्री करा: तुमच्या वर्गात हाच बिघाड आहे का?

एक तास नेहमीसारखा घ्या आणि फक्त तीन गोष्टी टिपा.

पहिली, कोरस. उत्तर येतं तेव्हा फळ्याजवळ उभे राहू नका, मधल्या रांगेतल्या चौथ्या-पाचव्या बाकाशी उभे राहा. आठ-दहा मुलं उत्तर सुरू करतात आणि बाकीची क्षणभर मागून शेवटचा स्वर लावतात, हे तिथे स्पष्ट ऐकू येतं. फळ्याजवळून मात्र सगळा वर्ग एकसुरात बोलल्यासारखा वाटतो.

दुसरी, तुमचा अर्धा शब्द. “दोन त्रिक...?” “सहाऽऽ!” “म्हणजे याचे छेद झाले स...?” “माऽऽन!” या खेळात अर्धं उत्तर शिक्षकाच्या तोंडूनच गेलेलं असतं. मुलाला लागतो फक्त कान, अपूर्णांक लागतच नाही. ज्याला ½ म्हणजे काय हेही ठाऊक नाही, तोसुद्धा “स”नंतर “मान” बिनचूक म्हणतो. एका तासात असे अर्धे शब्द तुम्ही किती सोडता ते मोजा. मोबाइलवर फक्त स्वतःच्या आवाजाचं रेकॉर्डिंग केलं तरी पुरे.

तिसरी, थांबण्याचा वेळ. प्रश्न विचारल्यावर तुम्ही स्वतः पुन्हा बोलेपर्यंत किती सेकंद जातात? मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हे मोजलं होतं. शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांच्या वर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली, गप्प बसणाऱ्या मुलांचीही येऊ लागली आणि “माहीत नाही” कमी झालं. एका सेकंदात फक्त ज्याला आधीच पाठ आहे तोच उत्तर देतो.

तिन्हीपैकी दोन गोष्टी सापडल्या, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

“हो” का येतं

“समजलं का?” ला “नाही” म्हणायला मुलाला बरंच काही मोजावं लागतं. पन्नास मुलांसमोर आपल्याला येत नाही हे कबूल करायचं, बाईंनी एवढं शिकवलेलं वाया गेलं असं सुचवायचं आणि सगळ्यांचा खोळंबाही करायचा. “समजलं ना?” तर आणखी वाईट, त्या “ना”मध्ये उत्तर भरूनच ठेवलेलं असतं. आणि ज्या मुलाने २/३ + १/४ चं ३/७ असं चुकीचं उत्तर काढलंय त्याला आपलं चुकलंय हे माहीतच नसतं. तो अगदी प्रामाणिकपणे “हो” म्हणतो. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण मुलांना कितीही प्रेमाने “न घाबरता सांगा” म्हटलं तरी ही माहिती त्या वाटेने बाहेर येऊच शकत नाही.

बी.एड.च्या सराव पाठातही सवय लागते. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन या पायऱ्या वेळेत बसवायच्या, निरीक्षक मागे बसलेले, तेव्हा कोरस आला की पाठ रंगला असं सगळ्यांनाच वाटतं. तो पाठ एका दिवसाचा असतो. वर्ग वर्षभराचा.

दुरुस्ती १: “समजलं का?” च्या जागी एक गणित

हा शब्दप्रयोग बंद करा. टाचण वहीत (पाठाची तयारी लिहायच्या वहीत) जिथे तो यायचा तिथे एक प्रश्न लिहून ठेवा. तो आयत्या वेळी सुचत नाही, आदल्या दिवशी निवडावा लागतो. प्रश्न असा हवा की चुकीच्या उत्तरावरून मूल नेमकं कुठे अडकलंय ते कळावं.

भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेसाठी हा घ्या: २/३ + १/४. वेळ दीड मिनिट, बोलायचं नाही. उत्तर ११/१२. चुकीची उत्तरं साधारण तीन तऱ्हेची येतात आणि तिघांचं दुखणं वेगळं असतं.

३/७ आलं, तर मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. त्याच्या लेखी अपूर्णांक म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन सुट्या संख्या. त्याला समच्छेदाची रीत पुन्हा सांगून काही होत नाही. त्याला विचारा: “२/३ भाकरी अर्धीपेक्षा जास्त की कमी?” जास्त. “आणि ३/७?” सातातले तीन, म्हणजे अर्धीपेक्षा कमी. “तुझ्याकडे अर्धीपेक्षा जास्त भाकरी होती, तिच्यात मी आणखी घातली आणि ती अर्धीपेक्षा कमी झाली?” इथे थांबा. पुढचं वाक्य मुलाला बोलू द्या.

३/१२ आलं, तर छेद १२ करायचा हे कळलंय, पण अंश तसेच राहिले. याला एक कागदी पट्टी द्या, बरोबर १२ सेंटिमीटर लांबीची. तिचे २/३ म्हणजे ८ सेंटिमीटर, रंगवायचे. १/४ म्हणजे ३ सेंटिमीटर, दुसऱ्या रंगाने रंगवायचे. ११ भाग रंगले. छेद बदलला की अंश का बदलतो, हे पट्टीवर त्याच्या डोळ्यांसमोर राहतं. पट्टीची लांबी महत्त्वाची. १० सेंटिमीटरची घेतलीत तर २/३ काढताना मूल ६.६ मध्ये अडकेल आणि अपूर्णांक बाजूला राहील.

२/१२ आलं, तर त्याने गुणाकार केला आहे. गुणाकार नुकताच शिकवला असेल तर हे हमखास होतं. त्याला दोन्ही रीती येतात, कोणती कुठे हे कळत नाही. पाच बेरजा आणि मग पाच गुणाकार असा सराव देऊ नका, एकाच पानावर मिसळून द्या आणि आधी फक्त चिन्हाला गोल करायला सांगा.

“चुकलं” एवढंच पाहिलं असतं, तर तिघांनाही एकच औषध मिळालं असतं.

सरावाचे आकडे तेवढे बदलून रूप तेच ठेवणं, ही याच कुटुंबातली चूक. १/२ + १/३ फळ्यावर सोडवलं आणि सरावाला १/३ + १/५ दिलं, की मुलं शेजारचं गणित बघून आकडे बसवतात. रूप बदला: १/२ + १/४ (इथे गुणाकाराने ८ छेद घेतला तरी चालतो, पण ४ छेदही पुरतो), २ + १/३, आणि □ + १/३ = ५/६. शेवटच्या चौकटीत १/२ भरणाऱ्याला बेरीज खरंच कळली आहे.

दुरुस्ती २: उत्तर सगळ्यांचं, एकदम, लिहून

पाटी असेल तर उत्तम. नसेल तर पाठकोरे कागद: शाळेच्या कार्यालयात एका बाजूला छापलेले कागद पडून असतात, त्यांचे चार तुकडे करून मुलांच्या कंपासपेटीत ठेवा. नियम तीनच. उत्तर मोठ्या अक्षरात, कागद बाकावर पालथा, आणि “तीन, दोन, एक, वर!” म्हटल्यावरच सगळ्यांचे एकदम वर. एकदम हे महत्त्वाचं. मागेपुढे झालं की मागची मुलं पुढच्यांचं बघून खोडतात आणि तुम्ही पुन्हा कोरसवर आलात, फक्त आता लेखी.

कागद वर असताना बरोबर उत्तरं मोजू नका. नजर डावीकडून उजवीकडे फिरवा आणि फक्त चुकीची वेचा. दहा-पंधरा सेकंद पुरतात. मग निर्णय:

पन्नासात पाच-सहा चुकले तर पुढे चला, त्या मुलांना सराव चालू असताना टेबलाजवळ घ्या. एक तृतीयांश किंवा जास्त चुकले तर थांबा आणि वेगळ्या वाटेने शिकवा: रीत सांगितली असेल तर पट्टी घ्या, पट्टी घेतली असेल तर भाकरी. यामधली संख्या असेल तर जोड्या लावा. बरोबर आलेल्याने समजावायचं आणि दोन मिनिटांनी *चुकलेल्याने* उभं राहून सांगायचं. हुशार मुलाला उभं केलंत, तर दुसऱ्याने ऐकलं की नाही हे कधीच कळणार नाही. हे आकडे अनुभवी शिक्षकांच्या अंदाजाचे आहेत, तुमच्या तुकडीप्रमाणे थोडे हलवा.

दुरुस्ती ३: प्रश्न आधी, नाव नंतर

“सोळा नंबर, सांग, २/३ चा सममूल्य अपूर्णांक कोणता?” या वाक्यात “सोळा” ऐकताच उरलेली एकोणपन्नास मुलं सुटतात. क्रम उलटा करा: प्रश्न, मनात एक-दोन-तीन, मग क्रमांक. क्रमांक चिठ्ठीने काढा. एका डब्यात १ ते ५० हजेरी क्रमांकांच्या घड्या. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाका. बाहेर ठेवलीत की “आपलं झालं” म्हणून ते मूल त्या दिवसापुरतं रिकामं होतं.

“येत नाही” असं उत्तर आलं तर रागवू नका आणि सोडूनही देऊ नका. “बरं, ऐक. तुझ्याकडे परत येतो.” दोघांना विचारा, उत्तर निघालं की पहिल्या मुलाकडे परत या आणि त्याच्या शब्दांत सांगायला लावा. परत जाणं विसरलात तर “येत नाही” ही पळवाट दोन दिवसांत वर्गभर पसरते.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यावर पुष्कळ अवलंबून आहे. चुकीचं उत्तर आलं की आपण विचारतो, “कसं काढलंस?” बरोबर आलं की म्हणतो, “शाब्बास.” आठवड्याभरात मुलं शिकतात की “कसं?” म्हणजे चुकलं, आणि तो शब्द ऐकताच बरोबर उत्तरही खोडून टाकतात. बरोबर उत्तरालाही, त्याच आवाजात, “कसं काढलंस?” विचारा. चुकलेल्या मुलावर कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा. शिक्षकाने स्वतः चेष्टा करणं तर कायद्यातही बसत नाही: शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घालतं. एकाला हसलेलं वर्ग महिनाभर विसरत नाही, आणि तेवढा काळ खरी उत्तरं तुमच्यापर्यंत येत नाहीत.

दुरुस्ती ४: जाताना चिठ्ठी

शेवटची चार मिनिटं. वहीच्या पानाचा चौथा भाग, एक गणित, मागे नाव. गोळा करून ऑफ तासाला तीन ढीग: आलं, अर्धं आलं, नाही आलं. पन्नास चिठ्ठ्यांना आठ-दहा मिनिटं लागतात, कारण तपासायचं नसतं, फक्त वाटायचं असतं.

ही पद्धत दोन कारणांनी बंद पडते. शिक्षक गुण देऊ लागतो आणि त्या दिवसापासून चिठ्ठ्या शेजाऱ्याच्या बघून लिहिल्या जातात. किंवा चिठ्ठ्या घेतल्या जातात पण दुसऱ्या दिवशी काहीच बदलत नाही, आणि मुलं कसंतरी खरडून देतात. दुसऱ्या दिवशीची पहिली तीन मिनिटं चिठ्ठीतल्या एका चुकीवर घालवा, नाव न घेता: “काल काहींचं उत्तर ३/१२ आलंय. कसं आलं असेल?” मुलांनी दुसऱ्याची चूक शोधण्यात मन घातलं की स्वतःचीही सापडते. रोज जमणार नाही. आठवड्यात दोनदा पुरे.

“पण पोर्शन कसा संपणार?”

वेळ आधी कुठे जातो ते बघा. सगळ्यात मोठी गळती फळ्यावरून उतरवून घेण्यात आहे. पाच सोडवलेली उदाहरणं लिहायला तुमची दहा मिनिटं जातात आणि मुलं त्यात डोकं घालत नाहीत, नुसता हात चालतो. दोन उदाहरणं पूर्ण सोडवा, तिसरं अर्धं सोडून द्या, चौथं त्यांचं. वाचलेली सहा-सात मिनिटं पाटीला आणि चिठ्ठीला पुरतात.

फळ्याबद्दल थोडक्यात: तास सुरू होण्याआधी शेवटच्या बाकाच्या दोन्ही टोकांना बसून बघा. एका टोकाला खिडकीचा उजेड फळ्यावर चकाकत असतो, आणि तिथल्या मुलाला “समजलं नाही” याचं कारण “दिसलं नाही” एवढंच असतं. अक्षर पाचेक सेंटिमीटर उंच. अपूर्णांकात अंश, रेघ आणि छेद तिन्ही सुटे दिसले पाहिजेत. लिहिताना बोलू नका, आवाज भिंतीला जातो.

भाषेतच दडलेल्या चुका

काही चुका समजुतीच्या नसतात, आपण ज्या शब्दांत बोलतो त्यांच्या असतात. नवा शिक्षक त्या निष्काळजीपणात टाकतो.

पहिली-दुसरीला “त्रेसष्ट” सांगितलं की मूल ३६ लिहितं. मराठीत एकक आधी ऐकू येतो, दशक नंतर, आणि मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं. “एकोणसाठ”ला एक आणि साठ ऐकून ६१ लिहिलं जातं. याच अडचणीसाठी बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात “वीस एक, वीस दोन” असं वाचन दिलं होतं आणि त्यावरून मोठा वाद झाला. वादात कुणाच्याही बाजूने असा, वर्गात दशकाच्या काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या समोर ठेवूनच संख्या सांगा: त्रेसष्ट, सहा गठ्ठे, तीन सुट्या. “काय लिहिलंस हे!” म्हणण्यात काहीच हाती लागत नाही.

दशांशात “झिरो पॉइंट थर्टी फाइव्ह” म्हटलं की पस्तीस ऐकू येतं, म्हणून ०.३५ हा ०.४ पेक्षा मोठा ठरतो. “शून्य दशांश चिन्ह तीन पाच” असं अंक सुटे वाचा आणि मीटरपट्टीवर ३५ आणि ४० सेंटिमीटर दाखवा. इथे एक फसवं बरोबर उत्तरही येतं. काही मुलांचा नियम असतो: “अंक कमी, संख्या मोठी.” ती ०.४ बरोबर सांगतात. म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारा, ०.४५ आणि ०.४ मधली मोठी कोणती? ज्याने आता पुन्हा ०.४ सांगितलं, त्याचं पहिलं बरोबर उत्तर धरू नका.

सेमी इंग्रजीत अडचण दुहेरी. मूल “डिनॉमिनेटर” म्हणतं, व्याख्याही घडाघडा म्हणतं. विचारा, “खालचा आकडा काय सांगतो?” उत्तर मराठीत आलं तरी घ्या. “एकाचे किती सारखे भाग केले” एवढं आलं की शब्द इंग्रजीत बसवायला एक दिवस लागतो.

इतर विषयांनाही हेच लागू आहे, फक्त प्रश्न शोधावा लागतो. विज्ञानात: खळखळ उकळणाऱ्या पाण्याच्या बुडबुड्यांत काय असतं? “हवा” म्हणणाऱ्याला बाष्पीभवनाची व्याख्या पाठ असूनही वाफ कळलेली नसते. मराठीत: “रामाने आंबा खाल्ला” हा प्रयोग कोणता? “राम खातो ना, म्हणून कर्तरी” असं उत्तर आलं, तर आंब्याच्या जागी चिंच ठेवायला सांगा. “खाल्ला”चं “खाल्ली” झालं, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे गेलं, प्रयोग कर्मणी.

बदल केल्यावर पहिले दोन आठवडे

वर्ग आधी बिघडल्यासारखा वाटेल. कोरस बंद केला की जिथे “होऽऽ” होता तिथे शांतता येते, आणि पाट्या वर गेल्या की चुका एकदम दिसू लागतात. चुका वाढलेल्या नसतात, आता दिसतात. याच टप्प्यावर बरेच जण घाबरून जुन्या पद्धतीवर परततात. मुख्याध्यापक पाठ बघायला येणार असतील तर आधीच सांगून ठेवा की वर्ग पूर्वीपेक्षा शांत वाटेल, आणि चिठ्ठ्यांचे ढीग दाखवा. आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर वर्गातल्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदींसाठीही त्या कामाला येतात.

तरीही तीन-चार मुलं मागेच राहिली तर

त्यांचं दुखणं सातवीचं नसतं, दोन-तीन इयत्ता खालचं असतं. परिपाठाआधी दहा मिनिटं एकेकाला घेऊन चार प्रश्न विचारा: ७ × ८, ३०४ − १२८, ३० चे निम्मे, आणि १/३ व १/५ मध्ये मोठा कोणता.

वजाबाकीचं उत्तर १७६ ऐवजी २२४ आलं, तर मूल प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान वजा करतंय. हातचा त्याला कळलेला नाही, काड्यांच्या गठ्ठ्यांवर परत जा, आणि शंभराचा गठ्ठा सोडून दहाचे दहा करणं त्याच्या हातून करवून घ्या. ७ × ८ अडलं तर समच्छेद करताना सगळी शक्ती पाढ्यातच जाते. अपूर्णांकांच्या तासाला पाढ्यांचा तक्ता समोर ठेवायची मुभा द्या आणि पाढे वेगळ्या वेळी घ्या. ३० चे निम्मे अडलं तर ३० खडे द्या आणि दोन सारखे वाटे घालायला लावा, मग १२ खड्यांचे तीन, चार वाटे. १/५ मोठा म्हणाला, तर एक भाकरी तिघांत आणि तशीच दुसरी पाच जणांत वाटून कागदावर काढायला सांगा, आणि “तुला कोणत्या ताटावर बसायचंय?” एवढंच विचारा.